पिओनी लावताना: डोळ्याची खोली, थंडीची गरज आणि मुळाचं औषध

पिओनी एकदा नीट लावली की पन्नास वर्षं त्याच जागी फुलते. काही बागांमध्ये शंभरी ओलांडलेली झाडंही आहेत. त्यामुळे इतर फुलझाडांच्या मानाने इथे पहिल्या दिवसाच्या कामाला फार महत्त्व आहे. खड्डा कुठे खणला, गड्डा (जाड मुळांचा जुडगा) किती खोल ठेवला, शेजारी कोणतं झाड आहे, याचे परिणाम वर्षानुवर्षं दिसत राहतात. घाई करणाऱ्याला पिओनी फुलं देत नाही. सुरुवातीला दोन-तीन वर्षं धीर धरला, तर मात्र पुढे ती फारसं काही मागत नाही.

जे मूळ ही फुलं देतं, तेच चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपासून औषध म्हणून वापरात आहे. नव्याने पिओनी लावणारा प्रत्येक जण कधीतरी विचारतोच, की याचं औषध घरी करता येईल का? त्याचं उत्तरही या लेखात आहे, पण आधी झाड जगवू आणि फुलवू.

कोणती पिओनी घ्यायची

पिओनीचे बागेच्या दृष्टीने तीन गट आहेत आणि त्यांची लागवड वेगवेगळी असते. आपल्या हातात कोणता गट आहे हे माहीत नसेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

पहिला गट मऊ खोडाच्या पिओनींचा. हिवाळ्यात जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि वसंतात गड्ड्यातून लालसर कोंब वर येतात. उंची साधारण ६० ते १०० सेंटिमीटर. बागेतल्या बहुतेक जाती पिओनिया लॅक्टिफ्लोरा या चीन-सैबेरियाकडच्या प्रजातीपासून आलेल्या आहेत. दुसरा गट झुडपी पिओनींचा, म्हणजे चिनी लोकांची मुदान. हिची खोडं लाकडी असतात, पानं गळतात पण फांद्या उभ्या राहतात, आणि सावकाश वाढत ती दीड-दोन मीटरपर्यंत जाते. तिसरा गट या दोघींच्या संकराचा. जपानचे टोइची इतो यांनी १९४८ साली हा संकर साधला. त्याआधी कित्येकांनी प्रयत्न करून सोडून दिले होते. रोपांना फुलं येण्याआधीच, १९५६ मध्ये, इतो वारले. आज जगभर या गटाला 'इतो पिओनी' म्हणतात.

पहिलंच झाड असेल तर मऊ खोडाची पिओनी घ्या. ती काटक असते, सहज मिळते आणि थोडी हयगयही सोसते. 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' ही १८५१ सालची पांढरी जात. पाकळ्यांच्या कडेला कुठेतरी किरमिजी ठिपका असतो आणि वासही छान. 'सारा बर्नहार्ट' ही १९०६ मधली फ्रेंच जात फिकट गुलाबी असून फुलवाल्यांची लाडकी आहे. पण तिची फुलं इतकी भरगच्च असतात, की पावसाची एक सर आली तरी फांद्या जमिनीला टेकतात. म्हणून मी नवख्यांना एकेरी पाकळ्यांची किंवा 'बाउल ऑफ ब्यूटी'सारखी, बाहेर मोजक्या रुंद पाकळ्या आणि मधोमध झुबका असलेली जात सुचवते. ती पावसातही उभी राहते. पिवळा रंगच हवा असेल तर इतो गटातली 'बार्टझेला' बघा.

आधी थंडी मोजा

पिओनीला हिवाळा लागतोच. गड्ड्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटणारे फुगवटे, झोपेतून जागे व्हायला कडक थंडीचा मोठा काळ जावा लागतो. ढोबळ हिशेबाने ४ अंश सेल्सियसच्या खाली ५०० ते १००० तास, जातीनुसार कमी-जास्त. जिथे हिवाळ्यात रात्री फक्त गारवा येतो आणि दिवसा ऊन तापतं, तिथे पानं येतील, कदाचित दोन-तीन वर्षं झाड तगही धरेल, पण फुलं येणार नाहीत. त्यात झाडाचा किंवा तुमचा काही दोष नाही. गड्ड्यावर बर्फाचे तुकडे ओतून थंडी देण्याचे प्रयोग लोक करतात, पण सलग कित्येक आठवड्यांची थंडी अशी उसनी आणता येत नाही.

तुमचं हवामान अगदी काठावरचं असेल, म्हणजे थंडी पडते पण थोडक्यात आटोपते, तर लवकर फुलणाऱ्या जाती निवडा. उशिरा फुलणाऱ्या जातींच्या कळ्या ऐन भरात येतात तेव्हा उन्हाळ्याची झळ लागलेली असते आणि त्या न उमलताच सुकतात.

जागा

दिवसाकाठी सहा तास ऊन हवं. उन्हाळा कडक असेल तर दुपारनंतरची विरळ सावली फुलं जास्त दिवस टिकवते. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ लावू नका, कारण पाणी आणि अन्न दोन्हींत पिओनी मागे पडते. हवा खेळती राहील अशी मोकळी जागा द्या. दोन झाडांमध्ये जवळपास एक मीटर अंतर ठेवा. सुरुवातीला ते रिकामं-रिकामं दिसतं, पण भरतं.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल तर दुसरी जागा शोधा, नाहीतर वाफा उंच करून घ्या. पिओनी थंडी सोसते, अवर्षणही थोडं सोसते, पण साचलेल्या पाण्यात तिचं मूळ कुजतं. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७ च्या आसपास असला की झालं.

आणखी एक: जिथे आधी पिओनी होती आणि काढून टाकली, त्याच खड्ड्यात नवी लावू नका. जुन्या मुळांचे अवशेष आणि त्यावरचे रोग मातीत राहिलेले असतात. जागा बदलणं शक्यच नसेल, तर माती पूर्ण काढून नवी भरा.

गड्डा लावणं

लावायची वेळ शरद ऋतूची, जमीन गोठण्यापूर्वी निदान दीड महिना. बारीक अन्नमुळं याच काळात फुटतात. वसंतात लावलेला गड्डा जगतो, पण वर्षभर मागे राहतो. कुंडीतलं वाढलेलं रोप मिळालं तर ते वसंतातही लावता येतं.

गड्डा घरी आला की आधी नीट न्याहाळा. तपकिरी, बोटाएवढ्या जाड मुळांचा वेडावाकडा जुडगा असतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी किंवा पांढुरके टोकदार फुगवटे दिसतात. तेच डोळे. पुढच्या वसंतातले कोंब त्यांतूनच येतात. तीन ते पाच डोळे असलेला गड्डा उत्तम. एखादं मूळ मऊ पडलं असेल किंवा त्याला कुबट वास येत असेल, तर धारदार, स्वच्छ चाकूने चांगल्या भागापर्यंत कापून टाका. गड्डा फार सुकलेला असेल तर लावण्यापूर्वी दोन-तीन तास पाण्यात ठेवा. हाताळताना डोळ्यांना धक्का लागू देऊ नका, ते पटकन मोडतात.

खड्डा ऐसपैस घ्या, निदान ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल. तळाशी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मातीत मिसळा, हवा तर मूठभर हाडांचा चुरा टाका, आणि त्यावर साध्या मातीचा थर द्या, म्हणजे ताजं अन्न थेट मुळांना लागणार नाही. भरलेली माती पायाने हलकेच दाबून बसवा. हे टाळलं तर पहिल्या पावसात माती खचते आणि गड्डाही तिच्याबरोबर खाली जातो. तसं झालं की फुलं गेलीच म्हणून समजा.

आता खोलीची गोष्ट, कारण पिओनी न फुलण्याची सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच घडतात. मऊ खोडाच्या पिओनीचे डोळे जमिनीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटर असावेत, त्याहून खोल नाही. थंडी कमी असलेल्या ठिकाणी दोन सेंटिमीटर पुरे. अंदाजावर सोडू नका. खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकेल अशी सरळ काठी आडवी ठेवा, गड्डा हातात धरून खाली न्या आणि काठीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. डोळे वरच्या बाजूला आणि मुळं खाली पसरलेली असू द्या. मग माती लोटा, मुळांमधल्या पोकळ्या बोटांनी भरा, भरपूर पाणी द्या आणि माती बसल्यावर खोली पुन्हा तपासा. इतो पिओनीचे डोळेही साधारण तेवढ्याच खोलीवर ठेवतात.

झुडपी पिओनीचा नियम नेमका उलटा. ती बहुतेक वेळा मऊ खोडाच्या पिओनीच्या मुळावर कलम केलेली असते. कलमाचा जोड जमिनीखाली १० ते १५ सेंटिमीटर जाईल इतकी खोल लावा, म्हणजे वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटावरचं, म्हणजे खालच्या मुळावरचं, अवलंबित्व संपतं. पुढे कधी तळातून वेगळ्याच पानांचे फुटवे आले, तर ते खुंटाचे असतात. मुळापासून काढा.

बियांपासून पिओनी करता येते, पण बी आधी नुसतं मूळ काढतं, मग एक हिवाळा काढल्यावर पान दाखवतं, आणि फूल यायला आणखी चार-पाच वर्षं. शिवाय संकरित जातीचं बी आईसारखं फूल देत नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वसंतात दोन-तीन कोंब, थोडी पानं, बस्स. एखादी बारीक कळी आली तर ती खुडा, ताकद मुळांकडे जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी झाड भरतं, एखाद-दोन फुलं येतात. खरी बहार तिसऱ्या वर्षापासून. मधल्या काळात 'जागा मानवली नाही वाटतं' म्हणून गड्डा उकरून हलवण्याचा मोह होईल. हलवलंत की गणती पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू.

पाणी आठवड्यातून एकदा पण खोलवर द्या, पानांवर न शिंपडता आळ्यात सोडा. कळ्या धरताना पाण्याची ओढ बसू देऊ नका. खताचा मारा नको. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार होतात, खोडं लेचीपेची होतात आणि कळ्या कमी लागतात. वसंतात एकदा कंपोस्ट पुरतं, तेही बुंध्यापासून थोडं लांब. गड्ड्याच्या माथ्यावर खत किंवा पालापाचोळ्याचा ढीग घातला, की तुम्ही काठीने मोजलेली खोली आपोआप वाढते.

भरगच्च फुलांच्या जातींना आधाराचं कडं लागतं. कोंब वीतभर असतानाच ते बसवा, म्हणजे पानं वाढताना ते झाकून जातं. नंतर बसवायला गेलात तर फांद्या मोडतात.

मग येतात मुंग्या. कळ्या फुगल्या की त्यांच्या हिरव्या निदलांवर गोड रसाचे थेंब सुटतात आणि मुंग्यांची रांग लागते. नवखा माणूस घाबरून फवारणी करतो. अजिबात करू नका. मुंग्या कळी खात नाहीत, उलट कळीवर येणाऱ्या इतर किडींना हुसकावतात. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही, हा समजही खरा नाही. रस संपला की त्या निघून जातात.

फुलदाणीसाठी फूल पूर्ण उमलायची वाट पाहू नका. कळीचा रंग दिसू लागला की दोन बोटांत हलकेच दाबा. दगडासारखी टणक असेल तर थांबा. आतून मऊ लागली, दाबल्यावर किंचित दबून पुन्हा वर आली, की सकाळच्या गारव्यात कापा. देठावर निदान दोन पानं झाडाकडेच राहू द्या आणि एका झाडाची सगळी फुलं काढू नका, कारण पुढच्या वर्षीचे डोळे याच पानांच्या अन्नावर तयार होतात. तरुण झाडावर तर कात्री जपूनच चालवा.

हिवाळ्याआधीची सफाई आणि रोग

पानं पिवळी पडून वाळली की मऊ खोडाची पिओनी जमिनीलगत कापा. इतो पिओनीचे १०-१५ सेंटिमीटर खुंट ठेवले तर त्यांवर काही डोळे जगतात. झुडपी पिओनी मात्र कापायची नाही, फक्त मेलेल्या काटक्या काढायच्या. शेजारच्या वाफ्याबरोबर तिचीही सपाट छाटणी झाल्याने वर्षानुवर्षांची वाढ जाते, म्हणून माळीकाम दुसरं कोणी करत असेल तर आधीच सांगून ठेवा.

कापलेली पानं-खोडं कंपोस्टमध्ये टाकू नका. पिओनीचा मुख्य शत्रू म्हणजे बोट्रायटिस ही करडी बुरशी, आणि ती याच कचऱ्यात हिवाळा काढते. वसंतात कोवळा कोंब अचानक मान टाकतो, बुडाशी काळा पडतो, कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच तपकिरी होऊन वाळतात. असा भाग दिसताच खालपर्यंत कापून बागेबाहेर न्या आणि कात्री पुसून घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी येते. ती दिसायला वाईट, पण झाडाला सहसा फार नुकसान करत नाही.

निरोगी, भरलेलं झाड तीन-चार वर्षांनंतरही फुलत नसेल तर क्रमाने तपासा: डोळे खोल गेलेत का, आजूबाजूची झाडं वाढून सावली आलीय का, हिरवळीला घातलेलं नत्राचं खत इथवर पोचतंय का. खोली चुकली असेल तर शरदात गड्डा उचलून योग्य उंचीवर बसवा. फुलणाऱ्या झाडाची विभागणी करायची असेल तरीही शरदच. दर तुकड्याला तीन ते पाच डोळे ठेवा.

मुळाचं औषध

युरोपात पिओनीचं औषधी नाव फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीज या ग्रीक वैद्याने बाळंतिणींसाठी तिचं मूळ आणि वाईट स्वप्नांवर तिच्या काळ्या बिया सांगितल्या. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने अपस्मार असलेल्या मुलाच्या गळ्यात हे मूळ बांधल्याची नोंद केली. त्याही आधी, थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पती-अभ्यासकाने लोकांची एक समजूत लिहून ठेवली होती: पिओनी रात्रीच खणावी, कारण दिवसा तिची फळं काढताना सुतारपक्ष्याने पाहिलं तर माणसाची दृष्टी जाते. असल्या समजुती त्याला ओढूनताणून आणलेल्या वाटल्या, हे विशेष. मध्ययुगात मठांच्या औषधी बागांमध्ये पिओनी हटकून असे. इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या खाडीतल्या स्टीप होल्म या बेटावर पिओनिया मॅस्क्युला आजही रानात उगवते. तिथल्या जुन्या मठातल्या साधूंनी ती आणली असावी, असं मानतात.

चीनमधली परंपरा अधिक सलग आणि अधिक काटेकोर आहे. तिथे पिओनीची तीन वेगळी औषधं होतात. पिओनिया लॅक्टिफ्लोराची चार-पाच वर्षं वाढलेली मुळं खणून, उकळून, साल काढून वाळवली की 'बाय शाओ', म्हणजे पांढरी पिओनी. साल न काढता वाळवलेली 'छ्र शाओ', म्हणजे तांबडी. आणि झुडपी पिओनीच्या मुळाचा मधला लाकडी गाभा काढून उरलेली साल म्हणजे 'मुदान पी'. पांढरी पिओनी तिथल्या वैद्यकात रक्त पुष्ट करण्यासाठी, मासिक पाळीच्या तक्रारींवर आणि पेटक्यांवर देतात, तर तांबडी आणि मुदान पी उष्णता कमी करण्यासाठी व साकळलेलं रक्त वाहतं करण्यासाठी. यांतलं एकटं औषध क्वचितच दिलं जातं. 'चार द्रव्यांचा काढा' या प्रसिद्ध योगात पांढरी पिओनी इतर तीन मुळांबरोबर येते. पिओनी आणि ज्येष्ठमधाचा काढा जपानमध्ये आजही पायात येणाऱ्या गोळ्यांवर डॉक्टर लिहून देतात. त्यातल्या ज्येष्ठमधाने दीर्घ वापरात पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो, म्हणून तिथे त्यावर लक्ष ठेवलं जातं.

हिमालयातही पिओनी आहे. पिओनिया इमोडी, पांढऱ्या एकेरी फुलांची. युनानी वैद्यकात 'ऊद सलीब' नावाने पिओनीचं मूळ अपस्मार आणि चेतासंस्थेच्या तक्रारींवर वापरतात. जंगलातून मुळं ओरबाडून नेणं हा तिच्यावरचा मोठा ताण आहे. रानातली पिओनी पाहा, फोटो काढा, पण खणू नका.

आधुनिक संशोधन मुख्यतः पिओनिफ्लोरिन या मुळातल्या घटकाभोवती फिरतं. पांढऱ्या पिओनीतल्या अशा घटकांचा एकत्रित अर्क चीनमध्ये १९९८ पासून संधिवातावरचं मान्य औषध आहे. गळ्यात बांधलेल्या मुळापासून इथवर आलेला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो, आणि तरीही बागेतलं मूळ उकळून पिऊ नका, असंच मी सांगेन. बागेतल्या जाती बहुतेक संकरित, औषधी प्रजातीच्या नेमक्या गुणांची खात्री नाही. त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात. उकळणं, सोलणं, वाळवणं यांवर औषधाचा गुण अवलंबून असतो. आणि मुळं काढली म्हणजे इतक्या वर्षांची तुमची पिओनी गेली. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही, ती वैद्याने रोग्याला पाहून ठरवायची.

तयार औषध घेणाऱ्यांनीही काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. गर्भारपणात ते टाळावं, कारण गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका सांगितला जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी निदान दोन आठवडे बंद ठेवतात. अपस्माराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने त्या सोडून मुळाच्या मागे लागणं तर सर्वांत घातक.

घरात कुत्रं-मांजर असेल तर हेही ध्यानात ठेवा: पिओनीची साल आणि मुळं चघळल्यास त्यांना उलट्या-जुलाब होतात. लावणीच्या दिवशी गड्डे जमिनीवर उघडे टाकून ठेवू नका. लहान मुलं असतील तर सुकलेली फुलं वेळीच खुडा. तशीच राहिली तर शेंगा धरतात, त्या फुटल्यावर आत चमकदार काळे दाणे, काही जातींत त्यांच्यामध्ये लालभडक वांझ दाणेही दिसतात, आणि मुलांचा हात हमखास तिकडे जातो. दाणे पोटात गेल्याची शंका आली तर झाडाचं पान आणि उरलेली शेंग बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा.